पगारी खोकला

झाडपुसेला बाई ठेवायची असं ठरलं, तेव्हा सिस्टर दोन दिवस सुनेशी धड बोलल्या नाहीत.

"बाई? कशाला? माझे हात मोडले का?"

"हात धड आहेत आई, पोट फाडलंय तुमचं," सून म्हणाली. "डॉक्टर काय म्हणाले? तीन महिने वाकायचं नाही, उचलायचं नाही. मी सव्वाआठला बाहेर पडते. फरशी कोण पुसणार, तुमचा मुलगा?"

मुलाने वर्तमानपत्र आणखी वर धरलं.

सिस्टरांच्या घराला आजवर बाहेरच्या बाईचा हात लागला नव्हता. त्यांच्या फरशीवर साखर सांडली तर उचलून चहात घालावी, असं शेजारणी म्हणत, आणि ते ऐकून सिस्टर दिवसभर खुशीत असत. नात शाळेतून आली की दारात बूट, मोजे, दप्तर आणि तोंडातली गोळी अशा चार वस्तू काढाव्या लागत. असं घर आता परक्या बाईच्या हाती द्यायचं.

पण पोटाच्या टाक्यांपुढे कोणाचं चालतं? सिस्टर कबूल झाल्या. "येऊ दे. टिकली तर बघू."

आता एक गोष्ट सांगून टाकायला हवी. ह्या सिस्टर कधीच सिस्टर नव्हत्या. एकतीस वर्षं त्यांनी मोठ्या सरकारी इस्पितळात काढली हे खरं, पण बादली आणि फडकं घेऊन. तिथे नर्सना सिस्टर म्हणत, झाडणाऱ्या-पुसणाऱ्या बायकांना मावशी आणि स्ट्रेचर ढकलणाऱ्यांना मामा. इस्पितळात नात्यांना तोटा नव्हता, फक्त कोणतं नातं कोणाच्या पायाशी बसवायचं ते पक्कं होतं. "ए मावशी, उलटी!" "मावशी, इकडे रक्त!" ह्या हाकांवर त्यांनी आयुष्य काढलं. मुलगा शिकला, नोकरीला लागला, लग्न ठरलं. तेव्हा तो मुलीकडच्यांना म्हणाला, "आई हॉस्पिटलच्या स्टाफला होती." शेजारी बसलेल्या आईने पाण्याचा घोट घेतला. त्यावर मायलेक पुन्हा कधी बोलले नाहीत.

ह्या इमारतीत राहायला आल्यावर महिन्याभरात तळमजल्यावरचे आजोबा जिन्यात चक्कर येऊन पडले. सगळे नुसते "पाणी आणा, पाणी आणा" करत होते. ह्यांनी त्यांना आडवं केलं, पाय उंच धरले, गळ्याचं बटण सोडलं. तिसऱ्या मजल्यावरच्या मोठ्या बाई ते पाहत होत्या. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी त्यांचा आवाज अजून निवृत्त झाला नव्हता. त्यांनी विचारलं, "तुम्ही नर्स होतात का?"

"हॉस्पिटलात होते."

"तरीच! सिस्टर आहेत म्हणून बरं, सिस्टर!"

खोटं त्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या. खरं सांगायचं त्या दिवशी राहून गेलं आणि मग राहूनच गेलं. अंगणातल्या बाकावर त्यांची जागा ठरली. तान्ह्या बाळाच्या ढेकरापासून म्हाताऱ्यांच्या गोळ्यांपर्यंत लोक त्यांना विचारायला लागले. रोज संध्याकाळी मोठ्या बाई ब्लडप्रेशर मोजून घ्यायला येत. मोजायचं यंत्र इस्पितळाने मोडीत काढलेलं होतं. निवृत्तीच्या दिवशी एका खऱ्या सिस्टरने ते "घे गं मावशी, पुढे नातवंडांना खेळायला" म्हणून दिलं होतं. कानात नळ्या घालायच्या, रबरी फुगा दाबायचा, काट्याकडे बघायचं, एवढं बघून बघून येत होतं. कोणता ठोका धरायचा ते येत नव्हतं. म्हणून मोठ्या बाईंचं प्रेशर चार वर्षं एकशे तीस-ऐंशी होतं. त्या काही लागट बोलल्या की एकशे चाळीस.

कामाला आलेल्या बाईला सगळी इमारत सातघरी म्हणे, कारण तिच्याकडे ह्याच इमारतीतली सात घरं होती. सिस्टरांचं आठवं झालं तरी नाव तेच राहिलं. चाळिशीची, हाडकुळी, सदा हसरी. झाडताना गुणगुणायची, मध्येच दोनदा कोरडं खोकायची आणि गाणं सुटलं होतं तिथूनच पुन्हा धरायची.

"ह्या मावशी," सुनेने नातीला सांगितलं, "आणि मावशी, ह्या माझ्या सासूबाई. आमच्या सिस्टर."

"माहितीय की," सातघरी म्हणाली. "सगळ्या घरांत ह्यांचंच नाव."

पहिले तीन दिवस सिस्टरांनी तिला पिळून काढलं. त्या खुर्ची घेऊन मधोमध बसत, पोटावर हात ठेवून. झाडून झालं की नातीच्या शाळेचा पांढरा मोजा हातात चढवत आणि दाराच्या वरच्या कडेवरून, कपाटाच्या पाठीवरून, पलंगाच्या पायांमधून फिरवत. इस्पितळातली मेट्रन अशीच तपासणी करायची. मोजा काळा झाला की तो सातघरीच्या नाकासमोर धरत आणि एक शब्द न बोलता कोपऱ्याकडे बोट दाखवत. सातघरी पुन्हा बादली भरायची. दुसऱ्या दिवशी तिने तीच खोली चार वेळा पुसली. चौथ्या वेळी मोजा पांढरा निघाला, तरी सिस्टरांनी बोट दाखवलंच. आपल्याला असं कितीदा करायला लावलं होतं, ह्याचा हिशेब त्यांच्या अंगात होता, आणि तो कोणाकडून तरी वसूल करता येतो हे त्यांना ह्या वयात नव्याने कळत होतं. मजा येत होती.

चौथ्या दिवशी तोंडातून निसटलं.

सातघरी दांड्याचं पोतेरं सरळ पुढे-मागे रेटत होती. सिस्टरांना ते बघवेना. "अगं, पुढे-मागे काय रेटतेस? घाणीला नुसतं फिरवून आणतेस! आठ काढ, आठ! आठ काढत दाराकडे मागे ये!"

सातघरी थांबली.

"आठ?"

"काही नाही. पूस."

पण सातघरीचं तोंड भाकीत खरं ठरल्यासारखं उजळलं होतं. "वाटलंच मला! तो मोजा हातात घातलात ना, तेव्हाच मनात म्हटलं, ही बाई आतली आहे. अहो, मी पण इस्पितळात होते की दोन वर्षं, कंत्राटावर. बाळंतिणींकडे. तुम्ही कुठल्या वॉर्डाला होतात मावशी?"

"मावशी म्हणायचं नाही," सिस्टर म्हणाल्या. "सिस्टर म्हणायचं."

"सिस्टर?" सातघरी हसायला लागली. त्या हसण्यात विष नव्हतं, हीच पंचाईत होती. "सिस्टर कशाला आठ काढतील हो? त्या आठ लिहितात तापाच्या कागदावर. फरशीवरचा आठ आपला."

सिस्टरांचा चेहरा पाहून तिने हसू आवरलं. "घाबरू नका. माझ्या पोटात राहील. सात घरांची गुपितं आहेत पोटात, आठवं काय जड आहे?"

आणि मग, खोटं कशाला बोला, सिस्टरांचे दहा-बारा दिवस फार सुखात गेले. सव्वाआठला सून जायची, त्याआधी मुलगा. नऊला सातघरी यायची. काम आटपलं की दोघी चहा घेऊन बसत, सातघरी फरशीवर, सिस्टर खुर्चीवर. तीन-चार दिवसांनी सिस्टरच म्हणाल्या, "वर बस गं, मान दुखते माझी खाली बघून." मेट्रनच्या चालीची नक्कल झाली. रात्रपाळीला स्ट्रेचरवर झोपलेल्या मामाला दुसऱ्या मामाने ऑपरेशनला नेऊन ठेवलं होतं, ती गोष्ट झाली. आपण भाजलेल्यांच्या वॉर्डाला अकरा वर्षं होतो, हे सिस्टरांनी सांगितलं. फडक्याला काय काय चिकटून यायचं, हेही. मुलालासुद्धा त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. सातघरीने कप खाली ठेवला आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

एकदा सातघरी खोकली आणि पाठोपाठ सिस्टरही, अगदी तसाच, एरवी चारचौघांत त्या गिळून टाकत तो दोन ठोक्यांचा कोरडा खोकला.

"बघा, तुम्हाला पण!" सातघरी टाळी वाजवून म्हणाली. "ब्लीचिंगचा आणि अॅसिडचा वास छातीत बसतो, तो जन्मभर उठत नाही. आमच्याकडे काय म्हणायचे माहितीय?"

"पगारी खोकला," सिस्टर म्हणाल्या.

"पगारी खोकला! पगाराबरोबर येतो..."

"...आणि पेन्शनबरोबर जात नाही!"

दोघी इतक्या हसल्या की सिस्टरांनी पोट धरलं. "नको गं हसवू, टाके तुटतील माझे."

मग तो सुट्टीचा दिवस उजाडला. सगळे घरी होते. डोकं जड झालं म्हणून मोठ्या बाई सकाळीच आल्या होत्या. सिस्टरांनी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला होता, कानात नळ्या घातल्या होत्या, फुगा दाबत होत्या. सातघरी गॅलरीत जाळी पुसत होती. स्वयंपाकघरात नातीच्या हातून पेला सुटला आणि सून ओरडली, "मावशी! लवकर या, दूध सांडलंय!"

"आले, आले!"

सिस्टर उभ्या होत्या. कानातल्या नळ्या लोंबत होत्या, हाताने खुर्चीच्या पाठीवरचा पंचा ओढला होता आणि पाय दाराकडे निघाले होते. आवाजही त्यांचा रोजचा नव्हता, वॉर्डातला होता, खालच्या मानेने दिलेला. मोठ्या बाई दंडाला पट्टा तसाच ठेवून बघत राहिल्या. सून दारात येऊन थबकली. मुलगा जमिनीकडे पाहत होता.

"अहो सिस्टर, बसा बसा!" सातघरी गॅलरीतून धावत आली. त्यांच्या हातातला पंचा तिने हलकेच काढून घेतला. "टाके आहेत ना पोटाला? सवय हो ह्यांची," ती मोठ्या बाईंना म्हणाली, "कोणी हाक मारली की पेशंटच हाक मारतोय असं वाटतं. धावतात."

"खरं आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "हाडाची नर्स!"

सातघरी दुधाकडे जाता जाता वळली आणि सिस्टरांना तिने एक डोळा मारला.

तो डोळा सिस्टरांच्या काळजात काट्यासारखा रुतला. दिवसभर तो हलवून हलवून त्या बघत राहिल्या. आपली अब्रू आता ह्या बाईने वाचवलेली अब्रू होती. तिने वाळत घातली, ती ओढेल तेव्हा खाली येईल. दुसऱ्या दिवशी सातघरी म्हणाली, "पलंगाखालचं आज राहू दे हं मावशी, कंबर भरलीय, उद्या काढते," आणि आपल्या हाताने भांड्यातला उरलेला चहा कपात ओतून घेतला. माणूस आपल्या माणसाच्या घरी वागतं तशी ती वागली. सिस्टरांनी मात्र मनात म्हटलं, झाली सुरुवात.

काढून टाकावं, तर काढून टाकलेली बाई जिन्यात थांबते आणि बोलते. सात घरं म्हणजे चौदा कान. हिला एका घरातून काढून भागणार नव्हतं.

संध्याकाळी मोठ्या बाईंच्या दंडाला पट्टा बांधताना त्यांनी सहज विचारलं, "ती तुमच्याकडे भांडीपण घासते का हो?"

"घासते. का?"

"काही नाही."

"काही नाही काय सिस्टर? बोला की."

सिस्टरांनी फुगा दोनदा दाबला. "तिचा तो खोकला. एकतीस वर्षं ऐकलाय मी तसा खोकला. चांगला नाही तो."

ह्या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता.

"टीबी?" मोठ्या बाईंचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला.

"मी असं म्हटलं नाही हं. मी काही डॉक्टर नाही."

"पण तुमचे कान तयार आहेत. बाई गं! दुसऱ्या मजल्यावर तान्हं बाळ आहे!"

"माझं नाव नका घेऊ," सिस्टर म्हणाल्या. "गरिबाच्या पोटावर पाय येतो. एकशे चाळीस आहे आज."

तान्ह्या बाळाचं घर पहिलं गळलं. मग त्याच्या समोरचं. कोणी म्हणालं आम्ही बाहेरगावी चाललोय, कोणी म्हणालं पुसायचं यंत्र घेतलंय, तळमजल्यावरच्या आजोबांनी तर दारच उघडलं नाही. आतून म्हणाले, "बरं नाही मला." मोठ्या बाईंनी तिला दारातच उभं करून "उद्यापासून नको" एवढंच सांगितलं, आणि तिचा झाडू काठीने जिन्यापर्यंत ढकलला. आठवड्यात आठ घरांचं एक राहिलं.

"मला कळतच नाही मावशी," सातघरी खुर्चीवर बसून म्हणाली. चहा तसाच होता. "पाठीमागे कुजबुजतात. मी खोकले की खिडक्या लावतात. तुम्ही एवढ्या एक राहिलात. धाकटीच्या शाळेचं वर्ष आहे, खोलीचा मालक दारात उभा असतो." तिने डोळे पुसले. "तुमच्या कानावर काही आलं का?"

"नाही गं," सिस्टर म्हणाल्या. "चहा घे, निवला."

आणि त्यांनी तो गरम करून दिला.

दोन दिवसांनी सुनेला लिफ्टमध्ये कळलं. ती घरात आली ती धापा टाकत. "आई, तुम्हाला समजलं नाही? तुम्ही सिस्टर असून? घरात लहान मूल आहे!"

"शंका होती मला," सिस्टर म्हणाल्या. "म्हटलं, गरीब आहे."

"तुमचा ना, जीवच मऊ," सून म्हणाली आणि लगेच सातघरीला फोन लावून टीबीचं सांगितलं, काम बंद केलं. मुलगा शेजारच्या खोलीत होता. आईचा तसाच खोकला ऐकत तो लहानाचा मोठा झाला होता. तो बाहेर आला नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. मोठ्या बाई खुर्चीत बसल्या होत्या, दंडाला पट्टा, त्यात हवा भरलेली. सून नातीला घेऊन बाहेर गेली होती. सिस्टरांनी दार उघडलं. सातघरी उंबऱ्याबाहेर उभी होती. अंगावर ठेवणीतले कपडे, हातात भलामोठा पिवळा लिफाफा.

"दूर! दूर उभी राहा," मोठ्या बाईंनी रुमाल नाकाला लावला.

"दूरच आहे बाई." सातघरीने लिफाफ्यातून काळा फोटो काढला आणि एक कागद. "दोन दिवस रांगेत उभी राहून छातीचा फोटो काढला. थुंकी पण तपासली. काही नाही म्हणाले. स्वच्छ आहे. पण कागद कोणी हातातच घेत नाही, जणू कागदाला पण रोग आहे. म्हणून म्हटलं..." ती सिस्टरांकडे पाहून हसली, तेच जुनं हसू. "म्हटलं, तुम्ही वाचून सांगा ह्यांना. तुमचं सगळे ऐकतात. तुम्ही सिस्टर ना!"

तिला अजूनही कळलं नव्हतं. तिने त्यांना त्यांच्याच खोट्याचा मान दिला होता, चारचौघांत, आपला जीव वाचवायला.

सिस्टरांनी कागद घेतला. डॉक्टरी अक्षर त्यांना कधीच लागलं नव्हतं. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला, फोटो उजेडाकडे करून पाहिला. दोन्ही बाजूंच्या बरगड्या दिसत होत्या. पाठीमागे मोठ्या बाई वाट पाहत होत्या. एक शब्द पुरला असता. "स्वच्छ" हाच शब्द, जो त्यांनी जन्मभर हातांनी लिहिला होता.

"फोटोत सगळं दिसत नाही," त्या म्हणाल्या. "सुरुवातीला स्वच्छच येतो."

सातघरीचं हसू लगेच गेलं नाही. आधी ते ओठांवर तसंच राहिलं, मग डोळ्यांतून उतरलं, मग ओठांवरूनही. तिने एकदा मोठ्या बाईंच्या दंडाकडे पाहिलं, एकदा फुग्याकडे, आणि मग सिस्टरांकडे बराच वेळ.

"मावशी," ती हळू म्हणाली, "हा कसला खोकला आहे, तुम्हाला तर..."

"मावशी कोणाला म्हणतेस गं?" मोठ्या बाई रुमालाआडून कडाडल्या. "सिस्टर आहेत त्या! सलगी बघा!"

जिन्यात कोणीतरी वर चढत होतं, त्याची पावलं दुसऱ्या मजल्यावर थांबली. सिस्टरांच्या तळहाताला घाम सुटला होता. फोटो बोटांना चिकटला होता. आता बोलेल. आता बोलेल.

सातघरीने तो त्यांच्या हातातून सोडवून घेतला आणि नीट लिफाफ्यात सरकवला.

"चुकलं," ती म्हणाली. "सिस्टर."

मग वळता वळता, जणू दुसऱ्याच कोणाला, "मी म्हटलं होतं ना, आठवं जड नाही. राहील पोटात."

"काय म्हणाली ती?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"काही नाही," सिस्टर म्हणाल्या आणि दार लावलं.

खोकला जिना उतरत गेला. दोन ठोके, मग पायऱ्या, मग दोन ठोके. शेवटचा तळमजल्यावरून आला, आणि तो ऐकता ऐकता सिस्टरांच्या घशात नेमकी त्याच जागी खाज उठली. त्यांनी गिळलं. पुन्हा उठली. मोठ्या बाई त्यांच्याकडेच बघत होत्या, रुमाल अजून नाकापासून फार दूर गेला नव्हता.

"आलेच," सिस्टर म्हणाल्या. न्हाणीघरात शिरून त्यांनी कडी लावली, बादली नळाखाली ओढली, नळ पूर्ण सोडला आणि टाक्यांवर हात दाबून पाण्याच्या आवाजात खोकायला लागल्या.

"सिस्टर!" बाहेरून हाक आली. "अहो सिस्टर, ह्याची हवा सोडा ना आधी! हात काळानिळा पडला माझा!"

बादली भरून वाहायला लागली होती. सिस्टरांनी भिंतीवरचा दुसरा नळही सोडला.